वाचकांचे प्रश्न : बिअर्डमोर हिमनदीचे नाव

प्रश्न : आमच्याकडील औट्रम घाटाला इंग्रज अधिकाऱ्याचे नाव आहे, तसेच अंटार्क्टिकावरील बिअर्डमोर हिमनदीचेही आहे का? हे बिअर्डमोर तेथे कधी गेले होते? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : नाव माणसाचेच आहे, परंतु सर विल्यम बिअर्डमोर हे शोधक नसून ग्लासगोचे जहाजबांधणी उद्योजक होते, ब्रिटिश ध्रुवीय शोधक अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या 'निमरॉड' या अंटार्क्टिक मोहिमेला त्यांनी आर्थिक आधार दिला, आणि डिसेंबर १९०८ मध्ये दक्षिण ध्रुवाकडे जाताना डोंगररांगेतून वर पठारावर नेणारी ही प्रचंड वाट सापडली, तेव्हा शॅकल्टन यांनी तिला त्यांचे नाव दिले. देणगीदाराचे ऋण फेडण्याची ही त्या काळातील रूढ आणि काहीशी स्वस्त पद्धत होती.

घाटाची उपमा मात्र अगदी योग्य आहे, कारण सुमारे २०० किलोमीटर लांबीची ही हिमनदी म्हणजे ध्रुवीय पठारावर चढण्याचा घाटच होय. तिच्यावरील भेगा जीवघेण्या आहेत. शॅकल्टन यांचे शेवटचे तट्टू 'सॉक्स' अशाच एका भेगेत नाहीसे झाले. ९ जानेवारी १९०९ रोजी ८८ अंश २३ मिनिटे दक्षिण अक्षांशावरून, ध्रुव सुमारे १८० किलोमीटर उरला असताना, शॅकल्टन आणि त्यांचे तीन साथीदार मागे फिरले.

१९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून याच वाटेने परतताना ब्रिटिश शोधक रॉबर्ट स्कॉट यांच्या तुकडीने सुमारे १६ किलो खडक गोळा केले. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या प्राचीन, आता नामशेष झालेल्या वनस्पतीचे जीवाश्म होते, आणि याच वनस्पतीचे जीवाश्म आपल्या चंद्रपूरकडील कोळशाच्या थरांतही आढळतात.