एक्सेलमधले सभासदांचे ईमेल पत्ते जीमेलमध्ये एकदम कसे घ्यायचे?

तुम्ही लिहिलंय की इमारत पुनर्विकासाला गेल्यापासून तुमचे सभासद डोंबिवली, विरार, कुणी थेट पुण्याला भाड्याने राहायला गेले आहेत. सगळ्यांचे ईमेल एका एक्सेल शीटमध्ये आहेत आणि दर नोटिशीला सेक्रेटरी एकेक पत्ता कॉपी करत बसतात. आमची गिरगावातली सोसायटीही यातून गेली आहे. त्या काळात मेलचं काम माझ्याकडे होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पत्ते जीमेलमध्ये घेणं हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे. वेळ लागतो तो शीट नीट करायला, आणि तिथे घाई केलीत तर पुढे प्रत्येक नोटिशीला त्रास होईल.

त्याआधी एक गोष्ट. हे पत्ते सेक्रेटरींच्या किंवा तुमच्या खासगी जीमेलमध्ये अजिबात घेऊ नका. सोसायटीच्या नावाने वेगळं खातं उघडा. खासगी खात्यात घेतलेत तर सगळे सभासद तुमच्या फोनच्या कॉन्टॅक्ट्समध्ये येऊन बसतात, घरच्या माणसांच्या नावांत मिसळतात. शिवाय दर पाच वर्षांनी कमिटीची निवडणूक असते. नवी कमिटी आली की दप्तराबरोबर खात्याचा पासवर्डही तिच्या हाती देता आला पाहिजे.

आता शीट. मूळ फाइल तशीच राहू द्या, तिची प्रत काढून तिच्यावर काम करा. आपल्याकडच्या शीटवर बहुतेक वेळा वर ‘॥ श्री ॥’ असतं, खाली सोसायटीचं नाव, नोंदणी क्रमांक, मग ‘अ विंग’ अशी मर्ज केलेली पट्टी, मध्ये रिकाम्या ओळी. माणसाला वाचायला ते छान असतं, पण जीमेलला पहिल्याच ओळीत रकान्यांची नावं लागतात. म्हणून प्रतीतल्या त्या सगळ्या ओळी काढा. विंग आणि फ्लॅट नंबर यांना वेगळे रकाने द्या.

मग ईमेलचा रकाना. एका चौकटीत एकच पत्ता हवा. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असला की दोन पत्ते तिरकी रेघ मारून एकत्र लिहिलेले असतात. त्यांच्या दोन ओळी करा. दोन्ही पत्ते एकाच नावाखाली ठेवलेत तर गटाला मेल पाठवताना त्यातल्या एकाच पत्त्यावर जातो आणि दुसऱ्याला वाटतं आपल्याला मुद्दाम वगळलं. पुनर्विकासात असे गैरसमज फार लवकर पेटतात.

पत्त्याच्या मागेपुढे राहिलेली मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही. ती ‘ट्रिम’ फंक्शनने जाते. व्हॉट्सॲपवरून किंवा वेबपेजवरून चिकटवलेल्या मजकुरात कधी वेगळ्या प्रकारची मोकळी जागा असते, ती ट्रिमला हटत नाही. तेव्हा त्यातली एक जागा कॉपी करून ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये टाका आणि बदलीची चौकट रिकामी ठेवा. ‘ॲट’चं चिन्ह नसलेल्या चौकटी फिल्टर लावून शोधा. ‘डॉट कॉम’च्या जागी ‘डॉट कॉन’ किंवा जीमेलचं चुकलेलं स्पेलिंग हे मात्र डोळ्यांनीच तपासावं लागतं. शीट ईमेलच्या रकान्यावर सॉर्ट केलंत तर जाड्या चुका पटकन दिसतात.

दोनदा आलेले पत्ते ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ने लगेच उडवू नका. आई आणि मुलगा एकच ईमेल वापरत असतील तर आईची अख्खी ओळच जाईल. आधी कंडिशनल फॉरमॅटिंगने असे पत्ते नुसते रंगवून घ्या आणि एकेक पाहून ठरवा.

रकान्यांची नावं काय द्यायची हा तुमचा मुख्य प्रश्न होता. पाठ करायची गरज नाही. सोसायटीच्या खात्यातून गूगल कॉन्टॅक्ट्स उघडा, एक नमुन्याचं नाव हाताने भरा आणि ते ‘गूगल सीएसव्ही’ प्रकारात एक्स्पोर्ट करा (सीएसव्ही म्हणजे रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी फाइल). त्या फाइलची पहिली ओळ म्हणजे गूगलला हवी असलेली नावं. त्यातली नाव, आडनाव आणि ईमेलची शीर्षकं उचलून आपल्या प्रतीत जशीच्या तशी लावा. स्पेलिंग, मधली रेघ, काहीही बदलू नका.

सेव्ह करताना प्रकार निवडायचा तो ‘सीएसव्ही यूटीएफ-८’. नुसता सीएसव्ही निवडलात तर देवनागरीतल्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. एक्सेलमध्ये हा पर्याय दिसत नसेल तर शीट गूगल शीट्समध्ये उघडा आणि तिथून सीएसव्ही डाउनलोड करा, मराठी नावं शाबूत राहतात.

पुढचं सोपं आहे. कॉन्टॅक्ट्समध्ये ‘इम्पोर्ट’ दाबा, फाइल निवडा, तिथेच लेबल, म्हणजे गटाचं नाव, द्या. एका वेळी ३,००० नावं घेता येतात, सोसायटीला तेवढी लागत नाहीत. मी सुचवेन की विंगप्रमाणे वेगळ्या फाइली करून वेगळी लेबलं द्यावीत. काही बिघडलंच तर कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंगमध्ये बदल मागे घ्यायची सोय आहे, ३० दिवसांपर्यंतची स्थिती परत आणता येते.

मेल लिहिताना लेबलचं नाव टाइप केलं की पूर्ण गट येतो. ते नाव ‘टू’मध्ये नाही, ‘बीसीसी’मध्ये टाका, तिथले पत्ते इतरांना दिसत नाहीत, आणि ‘टू’मध्ये सोसायटीचा स्वतःचाच पत्ता. याबद्दल मी आग्रही आहे. पुनर्विकासाला गेलेल्या इमारतीच्या सभासदांची यादी दलालांना, इंटिरिअरवाल्यांना, कर्ज देणाऱ्यांना हवीच असते, आणि उघड्या पत्त्यांचा एक मेल कुणी पुढे ढकलला की ती आयती बाहेर जाते. लोकांनी पत्ते नोटिशीसाठी दिलेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं सूत्रही तेच आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरायची. शिवाय बीसीसीमुळे एकाने ‘रिप्लाय ऑल’ करून बिल्डरवरचा राग सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये ओतायची सोयही राहत नाही.

फुकटच्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांनाच मेल जातो. ओलांडलात तर खात्यावरून पाठवणं काही काळ, जास्तीत जास्त २४ तास, बंद पडतं. नव्या खात्यावरून पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकदम पाठवू नका, विंग-विंग करून पाठवा, नाहीतर बरेच मेल स्पॅममध्ये जातील. सोसायटीचा पत्ता आपापल्या फोनमध्ये सेव्ह करा, हे सभासदांना व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच सांगून ठेवा.

आउटलुक (कॉम्प्युटरवरचं क्लासिक) किंवा थंडरबर्ड हे मेलचे प्रोग्रॅम वापरत असाल तर हीच फाइल चालते. दोन्हींत इम्पोर्ट करताना कुठला रकाना कशासाठी हे तुम्हीच जुळवायचं असतं. त्यानंतर आउटलुकमध्ये कॉन्टॅक्ट ग्रुप, थंडरबर्डमध्ये लिस्ट वेगळी बनवावी लागते. दिवसाची मर्यादा मात्र तुमच्या मेलसेवेचीच लागू राहते, प्रोग्रॅम बदलून ती वाढत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. त्यामुळे पहिला मेल निदान तीन आठवडे आधी काढा. परत आलेल्या मेलांचे पत्ते टिपा, त्या सभासदांना फोन करा, आणि दुरुस्ती आधी मूळ शीटमध्ये करा. मग जीमेलमधलं जुनं लेबल त्यातल्या नावांसकट डिलीट करून नवी फाइल घ्या. खातं फक्त सोसायटीचं असलं की हे बिनधास्त करता येतं. ज्यांच्याकडे ईमेलच नाही, आणि म्हाताऱ्या सभासदांत असे बरेच निघतील, त्यांची वेगळी यादी ठेवा. त्यांच्या भाड्याच्या घरच्या पत्त्यावर नोटीस पोस्टाने किंवा हातोहात पोचवा आणि पोच घेऊन फाइलला लावा.