पेस्टल रंगांची लग्नपत्रिका धुवट दिसू नये म्हणून काय करावं?

गडबड बहुतेक वेळा सगळंच फिकट ठेवल्यामुळे होते. अबोली पार्श्वभूमीवर गुलाबी अक्षरं टाकली, तर घरातल्या वयस्कर मंडळींना मुहूर्तही नीट वाचता येत नाही. पार्श्वभूमी खुशाल पेस्टल ठेवा, पण मजकूर गडद वांगी किंवा बाटली हिरव्या रंगात घ्या. वेबसाइटच्या सुलभतेच्या नियमांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, सांगितलाय. पत्रिकेलाही तोच लावा.

पेस्टल दोनच पुरेत, एक उबदार आणि एक थंड. रंगांची प्रमाणं ठरवणाऱ्या पॅन्टोन कंपनीने २०१६ सालचा रंग म्हणून रोझ क्वार्ट्झ आणि सेरेनिटी, म्हणजे फिकट गुलाबी आणि फिकट निळा, अशी जोडीच निवडली होती. मला आजही ती फार आवडते.

आता छपाई, खरी मेख इथेच आहे. फिकट रंग छापताना शाईचे ठिपके विरळ पडतात आणि मधून कागद दिसतो. त्यामुळे क्रीम कागदावर आकाशी हिरवट होतो आणि लव्हेंडर मळकट. स्क्रीनवर हे कळत नाही. पांढराशुभ्र कागद घ्या आणि पूर्ण ऑर्डर देण्याआधी त्याच कागदावर एक प्रूफ, म्हणजे नमुना प्रत, मागा, दिवसाउजेडी बघा.