अक्कलदाढ काढायचीय, उपाशी जायचं का?

प्रश्न : डॉक्टर ताई, मिस्टरांची खालची अक्कलदाढ शुक्रवारी काढायचीय, गाल सुजलाय. सासूबाई म्हणतात उपाशीपोटी जा, शुगरची गोळीपण नको. खरंय का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आधी सुजेचं बघा. तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नसेल, थुंकी गिळताना त्रास होतोय, ताप आहे किंवा जिभेखाली कडक लागतंय तर शुक्रवारची वाट बघू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट सिव्हिलला न्या, ही सूज घशाकडं उतरली की श्वास अडतो. बाहेरून गरम शेक नको, हिरडीवर ॲस्पिरिन ठेवू नका, कातडी भाजते.

आता उपासाचं. फक्त जागा बधिर करून काढणार असतील तर पोटभर जेवून, शुगर-बीपीच्या गोळ्या नेहमीसारख्या घेऊनच जायचं, उपाशी माणसाला खुर्चीतच चक्कर येते. पूर्ण भूल असेल तर मात्र भूलतज्ज्ञ सांगतील तसंच. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका प्लीज.

काढल्यावर कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरायचा आणि २४ तास थुंकायचं नाही, चूळ नाही, स्ट्रॉ नाही, कारण खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते तीच जखम भरते. ती निघाली की दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत ठणका लागतो. तंबाखू तर अजिबात नको. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठवडाभर बाजूला, चटणीचा कण खड्ड्यात बसतो, मऊ दहीभात द्या.