दोनच पेग, पण केवढे?

‘मॅडम, मला सोडायची नाहीये, कमी करायचीय. जमतं का असं कुणाला?’

दारूविषयी माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा हाच प्रश्न असतो, पण तो तोंडावर यायला अर्धा तास जातो. या गृहस्थांनी खुर्चीत बसल्या बसल्या विचारला. वय पंचेचाळिशीच्या पुढे, हिशेबाचं काम, नोकरी व्यवस्थित, बाहेर कधी तमाशा नाही. सोबत बायको होती. ‘कमी’ हा शब्द ऐकताच तिने मान फिरवली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

किती घेता, असं विचारल्यावर उत्तर तयार होतं: ‘रोज दोनच पेग.’ मी त्यावर काही बोलले नाही. पुढच्या भेटीला येताना घरचा नेहमीचा ग्लास घेऊन या, एवढंच सांगितलं.

ते घेऊन आले. जाड बुडाचा, रुंद तोंडाचा ग्लास. मी पाण्याचा जग पुढे केला आणि म्हटलं, नेहमीसारखं ओता. माझ्याशी बोलता बोलताच त्यांनी ओतलं, ग्लासकडे बघितलंही नाही. हाताला सवय होती. मग खोकल्याच्या औषधावर येतं तसलं मापाचं झाकण घेऊन आम्ही ते पाणी मोजलं. 85 मिली भरलं. ‘पाणी आहे म्हणून जरा जास्त पडलं,’ ते म्हणाले. ‘दुसरा नेहमी याहून मोठा असतो,’ बायको म्हणाली. दुसरा 100 मिली निघाला.

हिशेबाच्या माणसाला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. जागतिक आरोग्य संघटना 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक प्रमाणित पेय धरते. व्हिस्की, रम, व्होडका यांचा 30 मिलीचा पेग साधारण तेवढा भरतो. म्हणजे यांचे ‘दोन’ प्रत्यक्षात सहा होते, आणि आठवड्याचे चाळीसच्या वर. बिअर घेणाऱ्यांनीही हे मोजून बघावं. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलीची एक बाटली म्हणजे चार पेयं होतात, आणि ती पिणारा ‘मी फक्त बिअरच घेतो’ असं अगदी निरागसपणे सांगत असतो.

‘मी व्यसनी आहे का, ते सांगा’ हा त्यांचा दुसरा प्रश्न. त्याला मी हो किंवा नाही असं उत्तर देत नाही. ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे, 40 पैकी गुण मिळतात. 8 पासून पुढे पिणं धोक्याचं मानतात. 20 किंवा अधिक आले तर अवलंबित्व आहे का, याची नीट तपासणी करायची असते. त्यांचे 18 आले. उंबरठ्यावर.

कमी करण्याचं बोलण्याआधी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, आणि यात मी कुणालाही सूट देत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत बंद केली तर हात थरथरणं, घाम, मळमळ सुरू होऊ शकते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला भ्रम होऊन ते माणसाच्या जिवावरही बेतू शकतं. ‘मर्द असशील तर आजपासून सोड’ असं सांगणाऱ्या नातेवाइकांना हे ठाऊक नसतं. यांना सकाळी थरथर होत नव्हती, पूर्वी कधी फिट आलेली नव्हती. यकृताच्या तपासणीत एक आकडा वाढलेला होता, रक्तदाबही थोडा वर होता. हळूहळू कमी करायला डॉक्टरांनी हरकत घेतली नाही.

एका भेटीत बायको एकटी आली. बाटलीवर ती पेनाने बारीक खूण करून ठेवायची, किती उतरली ते कळावं म्हणून. हे ह्यांना माहीत होतं, आणि ते खुणेपर्यंत पाणी भरून ठेवायचे. दोघंही महिनोन्महिने हे करत होते आणि दोघंही त्यावर अवाक्षर बोलत नव्हते. मग तिने आवाज खाली आणून विचारलं, ‘जेवणातून द्यायची गोळी असते ना?’ असते, आणि चोरून अजिबात द्यायची नसते. ती पोटात असताना दारू गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. हृदय कमजोर असेल तर जीवही जाऊ शकतो. ती गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने द्यायची असते. पेनाची खूण मात्र तिने त्याच आठवड्यात बंद केली. मोजायचं काम आता त्यांचं होतं.

विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये मांडलेली संवादाची एक पद्धत मी वापरते. तिच्यात उपदेश कमी आणि प्रश्न जास्त. ‘कमी करणं तुम्हाला दहापैकी किती महत्त्वाचं वाटतं?’ ते म्हणाले, सहा. मग दहा का नाही, असं विचारलं की माणूस आपल्या पिण्याची वकिली करायला लागतो. म्हणून उलटं विचारायचं: सहाच का? तीन का नाही? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘रात्री नऊनंतर मुलगी माझ्याशी काही महत्त्वाचं बोलत नाही. सकाळी मला आठवणार नाही, हे तिला माहीत आहे.’ बायकोसाठी हे नवीन नव्हतं. त्यांच्या तोंडून मात्र ती पहिल्यांदाच ऐकत होती.

पहिला आठवडा काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं: किती वाजता, किती मिली, त्याआधी काय चाललं होतं. वहीतून दिसलं की पहिला ग्लास भरला जायचा तो लॅपटॉप बंद केल्यावर दहा मिनिटांच्या आत, रिकाम्या पोटी. दुसरा ग्लास पहिल्याच्याच जोरावर. मग मोजक्या गोष्टी बदलल्या. जेवण आधी. जेवणापूर्वी अर्धा तास घराबाहेर चालणं, कारण तलफ बऱ्याचदा तेवढ्या वेळात चढते आणि ओसरते. ओतायचं ते मापाने. घरात साठा ठेवायचा नाही. दर आठवड्याला थोडं कमी, आणि रोजचं प्रमाण बरंच खाली आल्यावर आठवड्यातल्या काही रात्री पूर्ण कोरड्या.

झोपेने मात्र छळलं. ‘घेतल्याशिवाय झोपच लागत नाही’ हा त्यांचा सगळ्यात पक्का युक्तिवाद होता, आणि त्यात अर्धं खरं होतं. दारूने झोप लवकर लागते, पण टिकत नाही. शरीर तासाला साधारण एकच प्रमाणित पेय पचवतं. पहाटेकडे रक्तातलं प्रमाण उतरत जातं आणि दाबून ठेवलेला मेंदू उसळी मारतो. तीन वाजता टक्क जाग येते ती यामुळे. कमी करताना सुरुवातीला झोप आणखी बिघडते, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. सांगितलं नाही, तर तिथेच बहुतेकांची वही बंद होते.

दुसऱ्या महिन्यात सहकाऱ्याच्या निरोपाची पार्टी झाली. वहीत त्या तारखेपुढे लिहिलं होतं: ‘किती ते आठवत नाही.’ त्याखालचे तीन दिवसही भरलेले, मोठ्या आकड्यांनी. एकदा मोडलंच आहे तर होऊन जाऊ दे, असं वाटून झालेलं नुकसान पार्टीच्या नुकसानापेक्षा जास्त होतं. ते वही न दाखवताही येऊ शकले असते. दाखवली, म्हणून आम्ही त्या तीन दिवसांवर बोललो, पार्टीवर नाही.

आता मूळ प्रश्न. कमी करणं जमतं का? काहींना जमतं. ज्यांना सकाळी थरथर होते, ज्यांना फिट येऊन गेली आहे, ज्यांचं यकृत खराब झालंय, जे झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या घेतात, ज्या गरोदर आहेत, आणि पहिला घोट घेतल्यावर ज्यांना कधीच थांबता आलेलं नाही, त्यांना मी हा मार्ग सुचवत नाही. त्यांनी डॉक्टरांच्या मदतीने पूर्ण बंद करणंच योग्य. आणि ज्यांना जमतं त्यांनाही मी ‘आता सुरक्षित’ असं म्हणत नाही. दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय. कमी प्यायल्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही.

म्हणून सुरुवातीलाच आम्ही एक कलम त्यांच्या हाताने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं होतं: ठरवलेली मर्यादा चार आठवड्यांपैकी तीन आठवड्यांत मोडली, तर ‘कमी करणं’ हे ध्येय बाद, पूर्ण बंद. गेल्या भेटीत त्यांनी स्वतःच ते पान उघडलं. दोन आठवडे मोडले होते. ‘अजून एक शिल्लक आहे,’ ते म्हणाले. ‘ती शिल्लक नाही,’ बायको म्हणाली, आणि दोघंही हसले. पुढची भेट महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी ठेवली आहे.