रेवा खांबामागे का उभी राहते?

नमस्कार मावशी,

मी मुलुंडला राहते, वय ३६. गेली १२ वर्षं आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कथकचा क्लास घेते. सहापासून पंधरा वर्षांपर्यंतच्या २८ मुली आहेत. रेवा (नाव बदललंय) आठ वर्षांची असल्यापासून माझ्याकडे येते, आता तेरावं सरलंय. माझी सगळ्यात भरवशाची मुलगी. गेले सहा महिने तिचं काय बिनसलंय कळत नाही. चक्कर घेताना तोल जातो, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येत नाही. डिसेंबरात कालिदास नाट्यमंदिरात आमचा वार्षिक कार्यक्रम आहे. गेल्या महिन्यात चक्रदाराला, म्हणजे तीनदा म्हणायच्या तुकड्याला, ती तिसऱ्यांदा चुकली तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हत्तीसारखी काय धपाधप पडतेस? जरा वजनाकडे बघ. धाकट्या मुलींना जमतंय." ती काही बोलली नाही. पुढचे दोन क्लास आली नाही. आता येते, पण हॉलच्या खांबामागे उभी राहते. पाय नीट पडत नाहीत, ओठ मात्र हलत असतात. तालाचे बोल सगळे अचूक.

माझ्या गुरू फार कडक होत्या. एकदा चुकले म्हणून त्यांनी महिनाभर मला घुंगरू बांधू दिले नव्हते. आम्ही अकरा जणी होतो, त्यातली मी एकटी टिकले, ती त्या शिस्तीमुळेच. परवा एका पालकांनी मला सकारात्मक मानसशास्त्रावरचा व्हिडिओ पाठवला. सारखं वा वा करत बसलं तर मुली घडणार कशा? पण रेवाकडे बघितलं की रात्री झोप लागत नाही. कार्यक्रमात तिला पहिल्या रांगेत उभं करू का? म्हणजे आत्मविश्वास परत येईल?

– एक नृत्यशिक्षिका, मुलुंड

—

प्रिय मुली,

तू माझ्यापेक्षा बरीच लहान आहेस, म्हणून अगं-तुगं करते. तुझ्या पत्रातल्या एका आकड्यापाशी मी थांबले. अकरा जणी होतात, एक टिकली. तू हे कडकपणाच्या बाजूने लिहिलं आहेस, पण मला त्या बाकीच्या दहा जणी दिसत राहिल्या. त्यांच्यातल्या कितीजणींना नाच नकोसा झाला होता आणि कितीजणींना फक्त तो वर्ग? तू टिकलीस ती तुझ्या चिवटपणाने आणि नाचाच्या ओढीने. त्याचं श्रेय महिनाभर पिशवीत पडून राहिलेल्या घुंगरांना देऊ नकोस.

आता आधी रेवाच्या पायांबद्दल, कारण मला वाटतं तिथे तुझा मोठा गैरसमज झालाय. मुलींची उंची साधारण अकरा ते तेरा या वयात सगळ्यात झपाट्याने वाढते. आधी हात-पाय लांब होतात, धड मागून वाढतं. हाडं पुढे जातात आणि स्नायूंना त्यांना गाठायला वेळ लागतो, म्हणून अंग आखडल्यासारखं वाटतं. वजनही वाढतं, आणि ते वाढायलाच हवं. आठव्या वर्षापासून ज्या शरीरात तिने टाचेवरची चक्कर बसवली, ते शरीर आता राहिलेलं नाही. पाय लांबले, तोलाची जागा हलली, तरी मेंदू जुन्याच मापाने चक्कर टाकतोय. मग ती पडणार नाही तर काय होईल? यात आळस नाही, दुर्लक्ष नाही. हे हळूहळू सावरतं, फक्त तोवर तिच्या हातून नाच सुटता कामा नये. तिला एका पावलाच्या चक्करवरून थोडे दिवस पाच पावलांच्या चक्करवर आण, लय बराबरची, म्हणजे मूळ संथ गतीची ठेव, आणि असं का करतेस ते तिला समजावून सांग. "तुझी उंची वाढतेय, तोल नव्याने शोधायचा आहे, माझ्याही बाबतीत असं झालं होतं." एवढं ऐकायला मिळालं तरी तिच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरेल. आत्ता तिला वाटतंय की आपल्यातच काहीतरी खोट आहे, आणि ते ताईच्या तोंडून सगळ्यांनी ऐकलंय.

म्हणून पहिलं काम माफीचं. तुला ते अवघड जाणार हे मला ठाऊक आहे, कारण आपल्याकडे गुरूने शिष्याची माफी मागायची पद्धत नाही. तरी माग. आधी एकटीला गाठून माग. क्लास सुटल्यावर मुली घुंगरू सोडत बसलेल्या असतात, तेव्हा तिच्या शेजारी खाली बस आणि म्हण, "त्या दिवशी मी तुला जे बोलले ते चूक होतं. तुझ्या शरीराबद्दल बोलायचा मला काही हक्क नव्हता." एवढंच. "पण मी तुझ्या भल्यासाठीच" हे पुढे जोडू नकोस, "पण" आला की माफी वाहून जाते. ती रडेल किंवा नुसती मान हलवेल, जे होईल ते होऊ दे. मग तिला विचार की हे मी सगळ्यांसमोर बोललं तर तुला चालेल का. हो म्हणाली तर पुढच्या क्लासला दोन वाक्यांत बोल. त्या २७ मुलींनीही ते शब्द ऐकलेत, आणि त्यातल्या कितीतरी जणी घरी जाऊन आरशासमोर पोट आत ओढून उभ्या राहिल्या असतील.

वजन हा विषय तर क्लासमधून कायमचा बंद कर. लेहेंगा घट्ट होत असेल तर शिंप्याला सांग, मुलीला नको. आणि एक लक्ष ठेव, फक्त रेवावर नाही, सगळ्या मोठ्या मुलींवर. कोणी डबा लपवतंय का, तालमीत चक्कर येऊन बसतंय का, पाळी सुरू झालेल्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही असं कानावर येतंय का. असं काही दिसलं तर आईला बाजूला घेऊन सांग आणि डॉक्टरांकडे जायला लाव. एखादी मुलगी फारच मिटून गेली, जगणं नकोसं झाल्याचं बोलू लागली, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

आता तुझ्या वा वा बद्दल. तुझी शंका रास्त आहे आणि सकारात्मक मानसशास्त्रातली माणसंही तुझ्याच बाजूची आहेत. मार्टिन सेलिग्मन १९९८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले, तेव्हापासून हा विषय नावारूपाला आला. त्यांचं म्हणणं असं की मानसशास्त्राने इतकी वर्षं माणसाचं काय बिघडतं हेच पाहिलं, माणूस कशाने फुलतो हेही तितक्याच काटेकोरपणे तपासायला हवं. सतत हसत राहा, वाईट बोलूच नका, असं त्यात कुठेही नाही. आणि चुकीच्या कौतुकाने नुकसान होतं हेही तपासलेलं आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना म्हटलं, "तू हुशार आहेस," आणि काहींना, "तू मेहनत घेतलीस." मग मुद्दाम अवघड कोडी दिली, ती कोणालाच नीट जमली नाहीत. त्यानंतर पुन्हा सोपी दिली तेव्हा हुशार म्हटलेल्या मुलांची कामगिरी पहिल्यापेक्षाही घसरली, मेहनतीचं कौतुक झालेल्यांची सुधारली. तेव्हा "तुझ्या रक्तातच नाच आहे" हे वाक्यसुद्धा जपून वापर. रेवाला इतकी वर्षं तू "माझी भरवशाची मुलगी" म्हणत आली असशील. भरवसा मोडल्यावर मग ती कोण उरली, हा प्रश्न खांबामागे उभा आहे.

माझं मागणं वेगळं आहे. चूक तू किती बारकाईने पकडतेस बघ. "तिसऱ्या 'धा' या बोलाच्या आधी तुझी नजर खाली गेली," असं तू सहज सांगू शकतेस. जमलेली गोष्ट मात्र "छान" या एका शब्दात उरकतेस. तीच नजर तिकडेही लाव. "आज तिहाईच्या आधी तू श्वास घेतलास, म्हणून शेवटचा धा घाईत पडला नाही." "हातातली खटकामुख मुद्रा सैल पडली नाही." असं ऐकलं की मुलीला कळतं, आपण नेमकं काय केलं आणि ते पुन्हा कसं करायचं. हा लाड नाही, हे शिकवणंच आहे.

मी स्वतः लहानपणी गिरगावात चार वर्षं भरतनाट्यम् शिकले आणि पुढे सोडून दिलं. फार काही येत नव्हतं मला. फुलं वेचण्याचा अभिनय करताना बाई एकदा थांबल्या, माझं मनगट दोन बोटांत धरलं आणि म्हणाल्या, "तुझ्या हाताला घाई नाही, म्हणून तुझं फूल खरं वाटतं." साठी उलटली माझी. अजूनही देवाला फुलं काढताना ते मनगट आठवतं.

मुलींना क्लासला यावंसं कशाने वाटतं याचं एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी फार नेटकं उत्तर दिलंय. माणसाला तीन गोष्टी लागतात. थोडं आपल्या मनाचं करता यावं, आपल्याला काही जमतंय असं वाटावं, आणि आपण इथले आहोत असं वाटावं. तुझ्या हॉलमध्ये याला पैसा लागत नाही. आज कोणत्या तोड्याने सुरुवात करायची ते आठवड्यातून एकदा मुलींना ठरवू दे. रांगा दर क्लासला फिरत्या ठेव, म्हणजे पहिली रांग बक्षीस आणि शेवटची शिक्षा राहणार नाही. मोठ्या मुलीला एका छोटीची जोडी दे, तत्काराची पावलं पक्की करून घ्यायला. "धाकट्यांना जमतं" हे वाक्य मोठीच्या काळजात घुसतं, पण तीच धाकटी तिच्याकडून शिकायला बसली की मोठीची पाठ ताठ होते. आणि पालकांच्या ग्रुपवर एकेकटीचे व्हिडिओ टाकणं थांबव, तुलना तिथूनच घरी जाते.

लयीचंही तसंच. मिहाय चिक्सेंटमिहाय नावाच्या मानसशास्त्रज्ञाने गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक अशा कितीतरी लोकांशी बोलून तल्लीनतेचा अभ्यास केला. काम झेपण्यापेक्षा फार अवघड असेल तर जीव घाबरतो, फार सोपं असेल तर कंटाळतो, आणि या दोहोंच्या मधे माणूस हरवून जातो. कथकवाल्यांना हे नव्याने सांगायला नको, बराबर, दुगुन (दुप्पट), चौगुन (चौपट) हा जिना आपल्याकडे आहेच. फक्त २८ जणींना एकाच पायरीवर उभं करू नकोस. एकाच तीनतालात कोणी बराबरीत आणि कोणी दुगुनीत नाचलं तरी सगळ्या समेवर एकत्रच येतात. तो क्षण ऐकायला किती सुंदर असतो हे तुला मी काय सांगू.

शेवटची पाच मिनिटं घुंगरू सोडायची. त्या वेळात प्रत्येकीने आज काय जमलं आणि का जमलं ते एका वाक्यात सांगायचं. सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी कारणासकट लिहायला लावल्या होत्या, त्याचा चांगला परिणाम सहा महिन्यांनीही दिसला. यातलं "का" सोडू नकोस. "चक्कर जमली" एवढ्यावर थांबू देऊ नकोस. "समोरच्या खिडकीच्या कडीवर नजर ठेवली म्हणून जमली" इथवर तिला ने. सुरुवातीला मुली खिदळतील, दोघीतिघी "काहीच नाही जमलं" म्हणतील. अशा मुलीला तू पाहिलेली एक गोष्ट तू सांग, आणि ती खरी असू दे. खोटं मुलींना लगेच कळतं.

शिस्त सोडू नकोस, हे मुद्दाम लिहिते. वेळेवर येणं, रियाज, चुकलं तर पुन्हा करणं, सगळं राहू दे. चूक दाखवताना पाय दाखव, मुलगी नको.

राहिला पहिल्या रांगेचा प्रश्न. नको उभी करूस. तोल अजून सापडलेला नाही, आणि कालिदासच्या दिव्यांत पुन्हा घसरली तर तिला तू कितीही समजावलंस तरी ते भरून यायला वेळ लागेल. तिला न विचारता मागेही ठेवू नकोस. कुठे उभं राहायचंय ते तिलाच विचार. आणि अजून एक गोष्ट विचारून बघ. तूच लिहिलं आहेस की तिचे ओठ हलत असतात, बोल अचूक असतात. पढंत करायला, म्हणजे बोल तोंडाने म्हणायला, तुझ्या शेजारी बसशील का, माईकवर, असं विचार. तुला तिथे एक पक्की मुलगी हवीच असणार. नाही म्हणाली तरी चालेल, आणि तसं तिला विचारतानाच सांग.

– तुझी मावशी