विहिरीचे पाणी, शेतातला गाळ आणि मूत्रपिंडे

प्रश्न : घर डिचोली तालुक्यात, खाणीच्या डंपाच्या (टाकाऊ मातीच्या ढिगाच्या) खालच्या अंगाला. पावसात विहिरीचे पाणी लाल होते, आम्ही उकळून पितो. मूत्रपिंडाच्या रक्तचाचणीत वडिलांचे क्रिएटिनिन १.६ आले. पाण्यामुळे का? (वाचक, डिचोली)

उत्तर : लाल रंग लोहाचा. मूत्रपिंडाला खरा धोका शिसे आणि कॅडमियमचा, आणि त्यांना ना रंग ना वास. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी निवळ दिसले तरी निर्धास्त राहू नका. उकळल्याने जंतू मरतात. धातू तसेच राहतात, उलट पाणी आटेल तसे त्यांचे प्रमाण वाढते. साधा कॅन्डल फिल्टर किंवा यूव्हीही इथे कामाचा नाही.

प्रयोगशाळेत ‘पाणी पिण्यायोग्य आहे का’ एवढेच विचारलेत तर जंतू, क्षार, पीएच एवढेच पाहतील. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, मँगनीज अशी नावे लिहून द्या. बाटली त्यांच्याकडूनच घ्या. तिच्यात आम्लाचे थेंब असतात, म्हणून ती विसळू नका आणि हाताला लागू देऊ नका. आम्ल नसेल तर धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि अहवाल खोटाच चांगला येतो. दोन नमुने द्या : एक थेट विहिरीतला, दुसरा सकाळी नळ उघडताच आलेल्या पाण्याचा. शिसे फक्त दुसऱ्यात सापडले तर दोष पाइपात किंवा पितळी तोटीत. मे महिन्यात एकदा आणि भर पावसात एकदा तपासा. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला शिसे ०.०१ आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम आहे. त्यापेक्षा जास्त आले तर पिण्याला आणि स्वयंपाकाला नळयोजनेचे किंवा आरओचे पाणी घ्या. पेजेलाही तेच, कारण तिचे पाणी आपण ओतून देत नाही.

वडिलांना मात्र आताच डॉक्टरांकडे न्या. पाण्याच्या अहवालासाठी थांबू नका. मधुमेह, रक्तदाब आणि सांधेदुखीच्या गोळ्या ही कारणे आधी तपासायला हवीत. ईजीएफआर (मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात त्याचा अंदाज) आणि लघवीतले अल्ब्युमिन या प्रथिनाचे क्रिएटिनिनशी गुणोत्तर करून घ्या. ईजीएफआर तीन महिन्यांहून अधिक काळ ६०च्या खाली राहिला तर तो जुनाट आजार. कॅडमियम आधी मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांना इजा करते. ती इजा लघवीच्या साध्या पट्टीच्या चाचणीत सुटू शकते. संशय असेल तर लघवीतल्या बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या छोट्या प्रथिनाच्या चाचणीबद्दल डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : डंपाची माती वाहून भातशेतात आली. मृदा आरोग्य पत्रिका ठीक आहे. तांदूळ खावा का? (शेतकरी, सत्तरी)

उत्तर : त्या पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, जस्त वगैरे असते, शिसे-कॅडमियम नसते. ते वेगळे तपासून घ्या, आणि तांदळाचाही नमुना द्या. पत्रिकेवरून तांदळाबद्दल काहीच सांगता येत नाही.

माती घेताना पाण्याच्या तोंडाशी जिथे गाळ साचलाय तिथला नमुना वेगळा ठेवा. सगळ्या शेताच्या मातीत तो मिसळलात तर नेमका दोष लपतो. प्रत्येक भागातून आठ-दहा ठिकाणची, १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती प्लास्टिकच्या बादलीत घ्या, गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या नको.

जांभ्या दगडाची आपली माती आम्लधर्मी आहे आणि आम्लात कॅडमियम पिकाला सहज मिळते. पीएच बघून, प्रयोगशाळा सांगेल तेवढाच चुना पेरणीआधी घाला. फुलोऱ्यापासून दाणा भरेपर्यंत वाफ्यात पाणी उभे ठेवा. पाण्याखाली कॅडमियम गंधकाशी बांधलेले राहते, माती सुकली की ते सुटते. वायंगणात, म्हणजे रब्बीच्या भातात, याकडे विशेष लक्ष द्या. मात्र अहवालात आर्सेनिक जास्त असेल तर उभे पाणी उलटे पडते. तेव्हा कृषी अधिकाऱ्यांना अहवाल दाखवूनच पाण्याचे ठरवा.