रोनाल्डिन्होसारखे बिनधास्त खेळणारे आता का दिसत नाहीत? आणि माझ्या 10 वर्षांच्या मुलाला फुटबॉल ॲकॅडमीत ड्रिबल (बॉल पायाशी ठेवून समोरच्याला चकवणं) करू देत नाहीत, हे बरोबर आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, अजिबात बरोबर नाही.

मी नेरुळचा, लेफ्ट विंगला खेळायचो. 2005 ला बार्सिलोनाच्या रोनाल्डिन्होने रियाल माद्रिदच्या मैदानावर, बर्नाबेऊवर जाऊन दोन गोल मारले आणि रियालचेच लोक उठून टाळ्या वाजवत होते, ते बघून आमची अख्खी गँग वेडी झाली होती. पुढच्या पावसाळ्यात एका लोकल टूर्नामेंटची सेमी होती, ग्राउंडवर नुसता चिखल, 0-0, आणि मी त्यांच्या राइट बॅकला नटमेग केला, म्हणजे त्याच्या दोन पायांमधून बॉल काढला, बाहेरची पोरं ओरडायला लागली. पाच मिनिटांनी परत तेच करायला गेलो तर बॉल गेला, त्यांनी काउंटर मारला, शॉट बाहेर! गोल झालाच नाही हो. तरी सरांनी मला बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर, "इथे शायनिंग मारायची नाही." उरलेला सगळा वेळ आमच्या टीमने एक धड शॉट मारला नाही आणि पेनल्टीवर हरलो. पुढच्या टूर्नामेंटला मला मागे डिफेन्समध्ये लेफ्ट बॅक केलं, शिस्त लागावी म्हणून म्हणे.

आता पहिला प्रश्न, मोठ्या फुटबॉलचा. तिकडे असे खेळाडू कमी व्हायला कारणं खरी आहेत. फुलबॅक, म्हणजे कडेचे डिफेंडर, वर गेलेले असताना मधे बॉल घालवला की मागे मैदान मोकळं, आणि समोरचे तीन पासमध्ये गोलवर. म्हणून इंग्लंडचा विंगर ग्रीलिश बघा, ॲस्टन व्हिलात असताना सरळ अंगावर जायचा, 2021 ला मँचेस्टर सिटीने 100 मिलियन पाउंड देऊन घेतला आणि तो बॉल धरून मागे पास द्यायला लागला. अर्जेंटिनाच्या रिकेल्मेसारखा चालत चालत खेळणारा नंबर 10 (मधून पास काढून देणारा) तर आता कोणाला परवडतच नाही, प्रेसिंगला, म्हणजे समोरच्याकडून बॉल हिसकवायला, सगळे पळायला लागतात. लांबून शॉट मारणंही कमी झालं, कारण त्यातले किती आत जातात ते आता आकड्यांत दिसतं.

पण सिटीत ग्रीलिशचा कोच असलेल्या गार्डिओलाचं मी समजू शकतो, तिथे एका पॉइंटवर लीग जाते. आपल्याकडे अंडर-12 च्या कोचचं काय जातं? वाशीच्या टर्फवर रविवारी 4-1 हरलात तर कोण नोकरीवरून काढतंय? "टीमसाठी खेळ" हे वाक्य तर मला डोक्यात जातं. विंगरने दोन जण अंगावर घेतले की आपला कोणीतरी मोकळा होतो, हे टीमसाठी नाही तर काय शेजारच्या सोसायटीसाठी?

हां, अगदीच मेलं नाहीये सगळं, स्पेनचा यामाल आहे, बेल्जियमचा डोकू आहे. यामालने 16 व्या वर्षी युरोच्या सेमीत फ्रान्सला बॉक्सबाहेरून मारलेला गोल बघा. आणि रोनाल्डिन्होच्या यूट्यूब क्लिप्समध्ये घालवलेले बॉल कोणी टाकत नाही हेही आहे. ग्रीलिशलासुद्धा 2023 ला ट्रेबल (एकाच सीझनमध्ये तीन मोठ्या ट्रॉफी) मिळाला, त्याची तक्रार नसेलही.

तुम्ही एक करा, एखाद्या संध्याकाळी प्रॅक्टिसला जाऊन नुसते बाजूला उभे राहा आणि पोराने बॉल घालवला की कोच काय ओरडतो ते ऐका. "परत घे" म्हणाला तर राहू द्या. "पास कर, पास कर" एवढंच येत असेल तर ॲकॅडमी बदला, फी भरलेली असली तरी.